मोटारीला फोडणी

आता हे ऐकल्यावर तुम्ही मला तुमच्या सायकलच्या साखळीलाही हात लावू देणार नाही. तरी सांगतो. आमच्या घरात हा प्रकार मी सोडून सगळे सांगतात आणि जो तो त्यात पदरचं मीठ घालतो. निदान एकदा तरी मूळ गाढवाच्या तोंडून ऐका!

तर मी मोटार घेतली होती. हो, मी! पोह्याची भट्टी चालवणारा माणूस. गोंदियात भट्टी, केशोरीला घर आणि धानाची शेती. ह्यापलीकडे माझी दौलत काय? पण त्या वर्षी धंदा बरा झाला आणि डोक्यात हवा गेली.

मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, जाऊन दोनेक वर्षं झाली होती. मोठमोठ्या मालगुजारांच्या घरांतून एकेक वस्तू बाहेर पडत होती. कुणाची झुंबरं, कुणाच्या बंदुका, कुणाचा ग्रामोफोन. अशाच एका मालगुजारसाहेबांची मोटार विकायला निघाली. विलायती, काळीभोर, सात माणसं बसतील एवढी! खिडक्यांना मखमली पडदे, आत फुलं खोचायला चांदीची नळी. आणि नाक एवढं लांब, की गाडी गल्लीत वळली की आधी नाक यायचं, मग बऱ्याच वेळानं मी यायचो.

किंमत? चांगल्या दोन बैलजोड्यांची! मालगुजारसाहेबांनी पैसे न मोजताच खिशात टाकले, मला मिठी मारली आणि आत जाऊन कडी लावून घेतली. तेव्हाच समजायला नको होतं का? पण मी आपला त्यांच्या मोठ्या मनाचं कौतुक करत बसलो.

घेणं सोपं होतं हो. ठेवणं!

बैल बसून असला तर कमी खातो. ही उभ्या उभ्या खायची. टायर नागपूरहून, बॅटरी नागपूरहून, आणि आतली एखादी चिमूटभर वस्तू तुटली तर ती कलकत्त्याहून. ती येईपर्यंत गाडी भट्टीसमोर उभी, आणि तिच्या छतावर माझे पोहे वाळत. गोंदियाच्या स्टेशनाजवळ एक मिस्त्री होता, सगळे त्याला उस्ताद म्हणत. आठवड्यातले तीन दिवस गाडी माझ्याकडे असायची आणि चार दिवस त्याच्याकडे. खरं पाहिलं तर मोटार त्याचीच, मी फक्त पैसे भरत होतो.

"उस्ताद, आता काय झालं?"

"सेठ, बुढ़ी हो गई है. पर चीज़ असली है!"

'असली' शब्द ऐकला की माझा हात आपोआप खिशात जायचा. त्या वर्षी उस्तादच्या घरी दोन लग्नं झाली. दोन्ही लग्नांत मला पहिल्या पंगतीला, मधल्या पाटावर बसवलं. का नाही बसवणार?

माझी बायको गिरजा. तिचं मत अगदी स्पष्ट होतं. म्हणाली, "अजी, तुमी मोटार नाई, सवत आणून देली मले. सवत असती तं निदान भांडी तरी घासू लागली असती!"

आता मुख्य गोष्टीकडे येतो. माझी एक धाकटी बहीण, शेवंता. आई-बाप दोघंही गेलेले, तेव्हा तिच्या लग्नाची जबाबदारी माझी. पोरगी कामाला वाघीण, दिसायला नेटकी, पण तोंड असं, की मनातलं सरळ बाहेर. एका ठिकाणी मुलाच्या बापाला म्हणाली, तुमचा पोरगा खाली मान घालून बसला हाये, त्याले काही हरवलं का? ते स्थळ गेलं. दुसरं स्थळही असंच गेलं. तिसरं चालून आलं ते सोन्यासारखं होतं. मुलाचं नाव मुकुंदा, नागपूरला रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये फिटर. पक्की नोकरी! पाहायला येणार केशोरीला, छोट्या रेल्वेनं अर्जुनीपर्यंत. पुढचे आठ-दहा कोस कच्चा रस्ता.

मी गिरजाला म्हटलं, "पाहुण्यांना मी मोटारीत आणतो."

"बैलगाडीत आणा जी. पोचतील तरी."

पण ऐकेल तो मी कसला? गोंदियाहून निघताना उस्तादकडे गाडी दाखवली. त्यानं काय सांगितलं ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं रामायण ह्यातून आहे. म्हणाला, "सेठ, ये तेल बहुत खाती है. तेल देखते रहना. भूखी मत रखना. और सस्ता मत डालना, बढ़िया वाला डालना!"

आता तुम्हीच सांगा, ह्यात कुठं म्हटलंय की कसलं तेल?

केशोरीला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. तेल मोजायची सळई काढून पाहिली तर ठणठणीत कोरडी. उद्या सकाळी पाहुणे, आणि हिच्या पोटात थेंब नाही! उस्ताद कुठल्या भोकातून तेल ओततो ते मी शंभरदा पाहिलेलं होतं. स्वयंपाकघरात गिरजानं घाण्यावरून आणलेला जवसाच्या तेलाचा पिपा होता. ताजं, सोन्यासारखं, आमच्या झाडीपट्टीत सणासुदीला सुवाऱ्या तळतात ते. सुवाऱ्या म्हणजे तुमच्या पुऱ्या हो. बढिया वाला! ह्याहून बढिया कुठं मिळणार?

पिपा उचलून निघालो तर दारात शेवंता.

"दादा, पिपा कुठं नेऊन राहिला?"

"गाडीले."

"एवढा? गाडीच्या चाकाले बोटभर तेल लागते."

"मोठी गाडी हाये," मी म्हटलं.

ती बैलगाडीचं बोलत होती आणि मी मोटारीचं. दोघंही समाधानानं आपापल्या वाटेला गेलो. अर्धा पिपा तेल होतं, सगळं रिचवलं मी त्या भोकात! बुडाशी उरलेलं मडगार्डला पुसलं. काय चकाकत होतं, काय सांगू! रिकामा पिपा मात्र मोटारीच्या मागच्या खणातच राहिला.

पहाटेच्या गारठ्यात नाक-तोंड मफलरात गुंडाळून निघालो आणि सकाळी अर्जुनीच्या स्टेशनावर हजर. रेल्वेतून तिघं उतरले. मुलाचे वडील दसरूजी, पांढरं पागोटं, भारदस्त मिशा. त्यांची बहीण कौसाबाई, अंगानं भरलेली, बोलण्यात मोकळी. पहिलंच वाक्य, "मी सकाळपासून कोराच चहा घेतला हाये. सोयऱ्याच्या घरी जेवाचं म्हणते ना!" आणि मुकुंदा. खाकी शर्ट, नखांच्या कडांना धुऊनही न निघालेली काळी रेघ, तोंडातून एक शब्द नाही. मी मनात म्हटलं, झालं! आमची पोरगी बोलते फार आणि हा बोलतच नाही.

निघालो. मोटार अशी मऊ चालली होती म्हणून सांगू! मी आरशातून पाहुण्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. दसरूजी मखमली पडदा बोटांनी चाचपून पाहत होते. मान ताठ झाली माझी.

अर्धा कोस गेलो असू. कौसाबाईंनी नाक वर केलं.

"अवो माय! कोनाच्या घरी वडे निघून राहिले?"

वास मलाही आला. खमंग, तळणीचा. मी म्हटलं, "गाव खाऊनपिऊन सुखी हाये जी."

पुढचं गाव आलं. "इथं बी वडे?"

मग रस्ता जंगलाला लागला. दोन्ही बाजूंना साग आणि मोह, माणसाचा पत्ता नाही. कौसाबाई खिडकीतून अर्ध्या बाहेर! "दसरूभाऊ, अरे जंगलात बी तळून राहिले!"

"आज सण हाये का जी इकडं?" दसरूजींनी विचारलं.

आता मलाही कोडं पडलं. पण सोयऱ्यासमोर 'माहीत नाही' कसं म्हणायचं? मी ठोकून दिलं, "तुमी येणार म्हणून लोकायले आनंद झाला हाये."

ह्या एका वाक्यानं माझा घात केला. कौसाबाई हरखल्या. आख्खा तालुका आपल्यासाठी कढई चढवून बसलाय असं त्यांना वाटलं. त्या पदरानं तोंड पुसून सावरून बसल्या. मागं पाहतो तर सहा-सात कुत्री गाडीमागं धावतायत, जिभा बाहेर काढून. त्यांच्यामागं निळा धूर. मुकुंदा मागच्या काचेतून एकटक त्या धुराकडे पाहत होता. कपाळावर आठी.

केशोरीच्या तलावाची पाळ आली आणि मोटारीनं एक उचकी दिली. दुसरी दिली. मग आतून कसला तरी दाटून आल्यासारखा आवाज झाला आणि सगळं शांत. हँडल मारायला गेलो तर हँडल तसूभर हलेना. गावातली दहा-बारा माणसं धावली, ढकलत ढकलत मोटार माझ्या दारात आणली. धुराचा वास गावभर पसरला होता. एकानं विचारलं, "काय गा, शेवंताचं ठरलं वाटते? गावजेवण ठेवलं का?" मी दम खात होतो, नुसती मान हलवली. नाही म्हणायला हलवली होती हो! पण त्यानं ती हो समजून घेतली.

पाहुणे ओसरीवर बसले. गिरजानं पोहे आणले, आमच्याच भट्टीचे. कौसाबाईंनी हात जोडले.

"पोहे राहू द्या माय. मी वड्यासाठी पोट ठेवलं हाये."

गिरजानं माझ्याकडे पाहिलं. "कोणते वडे?"

मी स्वयंपाकघरात गेलो, मागोमाग ती. "काय सांगितलं तुमी त्यायले? मी तं सुवाऱ्या करून राहिली. कणीक मळून ठेवली हाये. आन तेलाचा पिपा सापडत नाई! सकाळपासून आख्खं घर उलथं केलं. मांजरानं सांडलं म्हणावं तं पिपासकट कसं सांडलं?"

तिथं उभ्या उभ्या मला पहिल्यांदा समजलं, की तो वास कुठल्याही गावातून येत नव्हता. वास माझ्याबरोबरच प्रवास करत होता!

"शेजारून आण," मी कसंबसं म्हटलं.

"कोणाकडून? आंगणात पाहा!"

अंगणात पाहिलं तर गाव रांगेत मांडी घालून बसलं होतं. कुणी पळसाच्या पत्रावळी घेऊन आलेलं, कुणी पाण्याचा तांब्या. आता ज्यांच्याकडं तेल मागायचं तेच घराला कड्या लावून माझ्या दारात जेवायला आलेले. सांगा, काय करायचं माणसानं?

तेवढ्यात बाहेरून हाक आली. आवाज अनोळखी, कारण तो आतापर्यंत ऐकलाच नव्हता. मुकुंदा!

त्यानं मोटारीचं नाक उघडलं होतं. बाह्या वर, एका बोटाला पिवळट चिकट असं काहीतरी. त्यानं ते हुंगलं. मग, देवाशपथ सांगतो, जिभेला लावलं!

"भाऊ, इंजिनात कोणतं तेल टाकलं?"

"उत्तम टाकलं," मी म्हणालो. "ताजं. एक नंबर."

"हो जी, पण कोणतं?"

दसरूजी ओसरीवरून उठून आले. गाव माना वर करून पाहू लागलं. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मोटारीसकट मला पोटात घ्यावं. आणि नेमकी तेव्हा शेवंता चहाचं तबक घेऊन दारात आली. मुलीनं कसं यावं? मान खाली, पदर नीट, पावलं मोजून. हिनं तबक ओट्यावर ठेवलं, आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"जवसाचं! काल अर्धा पिपा नेला दादानं. मले वाटलं बैलगाडीले नेऊन राहिला!"

मी डोळे मिटले. तिसरं स्थळ गेलं, मी मनाशी म्हणालो. माझ्या बहिणीचं सोन्यासारखं स्थळ मी माझ्या हातानं तळून काढलं.

मग हसण्याचा आवाज आला. डोळे उघडून पाहतो तर मुकुंदा मडगार्डला धरून हसत होता. पार डोळ्यांतून पाणी येईपर्यंत! हसू आवरून त्यानं थेट शेवंतालाच विचारलं,

"आन तुमी थांबवलं काऊन नाई?"

"मले काय मालूम, माणूस मोटारीले फोडणी घालते म्हणून!"

गाव खो खो हसलं. दसरूजींच्या मिशा हलायला लागल्या. कौसाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांना आत्ता उलगडा झाला होता, की वडे नाहीत.

त्यांचा चेहरा पाहून शेजारची म्हातारी उठली. म्हणाली, "पाहुनी उपाशी जाईल का केशोरीतून?" घरी गेली आणि वाटीभर तेल घेऊन आली. तिच्यामागं दुसरी, तिसरी. कुणाच्या वाटीत जवसाचं, कुणाच्या वाटीत तिळाचं, कुणी डाळ भिजवलेली होती ती उचलून आणली. गिरजानं कढई चढवली. ह्या खेपेला वास खरा होता!

आणि मोटारीपाशी? आमच्याकडं मुलगी पाहताना विचारतात, नाव काय, स्वयंपाक येतो का, चालून दाखव. मुकुंदा गाडीखाली आडवा पडून विचारत होता, "तो पाना द्या. तो नाई, लहान." शेवंता खाली वाकून पाना देत होती आणि विचारत होती, "हा नट उलटा फिरते का?" "तुमाले कसं समजलं?" "दिसून राहिलं ना!" तिच्या गालाला काळा डाग, नव्या लुगड्याला रॉकेल. गिरजा दारातून डोळे वटारत होती, पण तिकडं लक्ष कुणाचं होतं?

दसरूजी माझ्याजवळ येऊन बसले. मग हळूच म्हणाले, "भाऊ, हा पोरगा घरी भाकर मांगाले बी तोंड उघडत नाई. त्याची माय गेली तेव्हापासून असाच. आज दोन घंटे झाले, बोलून राहिला." त्यांनी पागोट्याच्या टोकानं नाक पुसलं. "आमच्याकडून पक्कं समजा."

मी बाहीनं डोळे पुसले. आता मात्र धुरानं नव्हे.

मी शेवंताला विचारलं. ती म्हणाली, "चालते. काम करताना त्याले राग येत नाई, हे मी पाहून घेतलं."

पत्रावळी पडल्या. कौसाबाईंनी अकरा वडे खाल्ले आणि बाराव्याला मला म्हणाल्या, "राग नका मानू, पण वास मोटारीचाच चांगला होता!"

तुम्ही म्हणाल, मोटारीचं काय झालं? मुकुंदा मिळेल त्या सुट्टीत यायचा आणि एकेक भाग सोडवायचा. मला म्हणाला, "भाऊ, एरंडीचं टाकलं असतं तं एखाद वेळ निभलं असतं. जवस तापून वाळते, त्याचं वारनिस होते. तुमी इंजिन आतून रंगवून काढलं!" खरवडायला दोन महिने लागले. तो खरवडायचा, शेवंता रॉकेलात भाग धुवायची, मी लांब बसून पोहे खायचो. उस्तादला हे कळलं तेव्हा तो डोक्याला हात लावून बसला. जवसाच्या तेलाचं दुःख नव्हतं त्याला. मला फुकटचा मिस्त्री मिळाला ह्याचं होतं!

लग्न झालं. मोटार पुन्हा चालू झाली, पहिल्यापेक्षा गुण्यानं चालू झाली. खर्च निम्म्यावर आला आणि गिरजाही कधीमधी मागच्या सीटवर बसू लागली, पडदे लावून. लग्नानंतर नागपूरला परत जाताना मुकुंदानं एक काम केलं. लाल रंगाचा डबा आणला आणि मोटारीच्या प्रत्येक झाकणावर ठळक अक्षरात लिहून दिलं. एकावर 'पाणी'. एकावर 'पेट्रोल'. आणि तिसऱ्यावर, 'तेल. खायाचं नोहे.'

मी म्हटलं, असू द्या, जावईबापूंची हौस!

पुढं एकदा गोंदियाच्या पेट्रोल पंपावर थांबलो. पंपावरच्या माणसानं पाणी घालायला नाक उघडलं आणि तो वाचत उभा राहिला. एकदा वाचलं, दोनदा वाचलं. मग दुसऱ्या माणसाला बोलावून त्यालाही वाचायला लावलं.

"सेठजी, ये किसके लिए लिखवाया है?"

मी अगदी सहज म्हटलं, "वो? अपने ड्रायवर के लिए. ज़रा बुद्धू है."

"अच्छा, अच्छा!" तो म्हणाला. मग त्यानं मागच्या सीटवर डोकावून पाहिलं. गाडीच्या पलीकडं जाऊन पाहिलं. परत माझ्या खिडकीशी आला.

"तो सेठजी, ड्रायवर है कहाँ?"

गाडीत मी एकटाच होतो, आणि स्टिअरिंग माझ्याच हातात होतं.